रस्त्याचे काम आणि रात्रीच्या मालमोटारी

एप्रिल महिन्यात मुंबईच्या बाजारात हापूसची पेटी फोडली जाते, तेव्हा तिच्या भावाची कारणे सांगताना लोक मोहोर, अवकाळी पाऊस आणि तुडतुडा यांची नावे घेतात. आदल्या रात्री माणगावापाशी किंवा परशुराम घाटात वाहने किती वेळ तटून राहिली होती, याची आठवण मात्र कोणास होत नाही. वस्तुतः गेल्या कित्येक वर्षांत कोकणच्या मालाचे भवितव्य झाडावर जितके ठरले, तितकेच ते रस्त्यावर, आणि तेही रात्रीच्या रस्त्यावर, ठरत आले आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण हे त्याचे कारण होय. रस्ता रुंद व्हावयास हवा, याविषयी कोणाचाच मतभेद नाही. पण रुंद होण्यास तो जो काळ घेतो, त्या काळात त्याच रस्त्यावर पोट असणाऱ्या धंद्याचे काय होते, हा विषय घराघरांत येणाऱ्या मासळीफळांशी निगडित असूनही सामान्यतः दुर्लक्षित राहिला आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की कोकणचा माल रात्रीच का निघतो. आंबा उतरावयाचा तो सकाळच्या गारव्यात. उतरलेला आंबा सावलीत आणून, त्याचा चीक निथळू देऊन, लहान-मोठा निवडून, पेंढ्याच्या थरांत पेट्या भरीपर्यंत दुपार कलते. गावोगावच्या पेट्या गोळा करून मालमोटार भरावयास संध्याकाळ होते. इकडे नवी मुंबईत वाशीच्या फळबाजारात खरा व्यवहार पहाटेपासून सकाळपर्यंतचा. किरकोळ विक्रेता तेथून माल उचलून आपापल्या उपनगरात दुकान मांडावयास धावत असतो. या दोन टोकांच्या मध्ये जी एकच वेळ शिल्लक उरते, ती रात्रीची. शिवाय रात्री हवा थंड असते, आणि मोठ्या शहरात दिवसा गर्दीच्या वेळी जड वाहनांस मज्जाव असतो. मासळीचेही तसेच. मिरकरवाड्यास किंवा हर्णैस लिलाव आटोपला, मासळी बर्फात बसली, की मोटारीने दुसऱ्या दिवसाचा बाजार गाठलाच पाहिजे. रात्रीची मालवाहतूक ही ट्रकवाल्यांची आवड नसून मालाच्या स्वभावातून आणि बाजाराच्या घड्याळातून निघालेली गरज आहे.

पूर्वी हे काम समुद्र करीत असे. पेट्या पडावात आणि आगबोटीत चढत आणि भाऊच्या धक्क्यास उतरत. तेव्हा कोकणी माणूस वाऱ्याकडे पाहून मालाचा अंदाज बांधी. पुढे रस्ता झाला, पूल झाले, आणि समुद्राकडे पाठ फिरवून सारा व्यापार एकाच मार्गावर येऊन बसला. या रस्त्याचा क्रमांक आधी १७ होता, २०१० नंतर तो ६६ झाला. पनवेल ते इंदापूर हा सुमारे ८४ किलोमीटरांचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ साली हाती घेण्यात आले. हे इंदापूर रायगड जिल्ह्यातले, पुणे जिल्ह्यातले नव्हे. त्याच्या दक्षिणेस सिंधुदुर्गातील झारापपर्यंतचे काम पुढे निरनिराळ्या तुकड्यांनी निरनिराळ्या ठेकेदारांकडे गेले. २०२५ चा गणेशोत्सव आला, तेव्हाही काही टप्पे अपुरेच होते. म्हणजे काम सुरू झाले त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर चौदा वर्षांचे झाले होते.

इतका विलंब का लागला, याची कारणे एकाहून अनेक आहेत. जमिनीचे संपादन रेंगाळले, कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यालगत वनखात्याच्या परवानग्या आड आल्या, ठेकेदारांपैकी काहींची आर्थिक ताकद अपुरी पडली, आणि या साऱ्यांवर कोकणचा पाऊस. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो; जून ते सप्टेंबर मातीचे काम जवळजवळ बंदच ठेवावे लागते. तथापि पावसाच्या माथी सगळाच दोष मारणे योग्य नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराने कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्यांसह अनेक जीव वाहून गेले. त्याच्या जागी नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला होता. एका पुलाची आणि साडेचारशे किलोमीटरांच्या रस्त्याची तुलना होऊ शकत नाही हे खरे. पण त्याच नदीवर, त्याच पावसात, निकड भासली म्हणजे काम किती झपाट्याने होते, हे त्या एका वर्षात दिसून आले.

आता व्यवसायाकडे वळू. रस्त्याचे काम चालले म्हणजे गाडीस उशीर होतो आणि उशीर झाला म्हणजे नुकसान होते, इतकेच पुष्कळांस वाटते. हा समज अर्धवट आहे. ठाऊक असलेला उशीर धंदा पचवू शकतो. रोज नेमके तीन तास अधिक लागणार असे कळले, तर मालक तीन तास आधी गाडी सोडील आणि दराचा हिशेब त्याप्रमाणे बसवील. खरा घात करतो तो ठाऊक नसलेला उशीर. आज नऊ तास लागले, उद्या चौदा, परवा पुन्हा दहा. ज्या रात्री वळणरस्त्यावर एखादी अवजड गाडी चिखलात किंवा खडीत रुतली, त्या रात्रीचा हिशेबच नाही. अशा स्थितीत शहाणा मालक सर्वांत वाईट रात्र गृहीत धरूनच चालतो. म्हणजे रोजच लवकर निघावे लागते. मोटार लवकर निघावयाची तर पेट्या दुपारपूर्वी भरून तयार हव्यात. त्याकरिता आंबा पहाटेच्या अंधारात किंवा आदल्या दिवशीच उतरून ठेवावा लागतो. रस्त्याच्या अनिश्चितपणाचे ओझे असे सरकत सरकत थेट झेला हाती घेतलेल्या गड्यापर्यंत जाऊन पोहोचते. आणि ज्या रात्री रस्ता मोकळा मिळतो, त्या रात्री तीच मोटार मध्यरात्रीनंतर वाशीच्या दारात उभी राहून पहाट होण्याची वाट पाहते. वाचलेला वेळ कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून एक साधे त्रैराशिक मांडून पाहावे. रत्नागिरी ते वाशी हे अंतर ढोबळ मानाने ३३० किलोमीटर धरू. रस्ता चांगला असता भरलेली मोटार ताशी सरासरी ४० किलोमीटर काटील, तर सव्वाआठ तास लागतात. संध्याकाळी सातला निघालेली गाडी पहाटे सव्वातीनला बाजारात हजर. सकाळी माल उतरतो, चालक दुपारपर्यंत झोप घेतो, संध्याकाळी मुंबईच्या गोदामांतून परतीचा माल भरून गाडी रात्री नऊला निघते ती पहाटे साडेपाचच्या सुमारास रत्नागिरीस येते. चालकास दिवसभर विसावा मिळतो आणि त्याच संध्याकाळी गाडी पुन्हा मार्गस्थ होते. प्रत्येक गाडी दर दोन दिवसांनी एक खेप करते, आणि दोन गाड्या असलेला मालक व्यापाऱ्यास सांगू शकतो की माझी गाडी रोज सुटते. हा ‘रोज’ हा शब्द या धंद्याचे सारे भांडवल आहे.

आता त्याच रस्त्यावर वळणरस्ते, खड्डे आणि एकेरी वाहतूक यांमुळे सरासरी २५ वर आली असे समजू. प्रवास सव्वातेरा तासांचा झाला. पहाटे चारला वाशी गाठावयाची तर गाडीने दुपारी पावणेतीनलाच निघाले पाहिजे. परतताना रात्री नऊला निघालेली गाडी सकाळी सव्वादहास पोहोचते. रात्रभर धक्के खाल्लेला चालक त्याच दुपारी पावणेतीनला पुन्हा चाकावर बसू शकत नाही. त्यास झोप हवी. म्हणून खेप दुसऱ्या दिवशीवर जाते. दोन दिवसांचा फेरा तीन दिवसांचा होतो, आणि ‘रोज गाडी’ हे वचन पाळावयाचे तर दोनांच्या जागी तीन गाड्या ठेवाव्या लागतात किंवा गाडीमागे दुसरा चालक. वाढ पाच तासांची, पण गाड्यांची गरज दीडपट. माल एका पेटीनेही वाढलेला नसतो. हप्ता, विमा, कर, पगार ही सगळी ठरीव बाजू मात्र दीडपट होते. जो मालक तिसरी गाडी घेऊ शकत नाही, तो एक दिवसाआड गाडी सोडू लागतो, आणि व्यापारी दुसऱ्याकडे वळतो. मोठी कंपनी इतर मार्गांवरची गाडी आणून ही पोकळी भरून काढते. एक-दोन गाड्यांचा धनी, जो स्वतःच पुष्कळदा चालकही असतो, तो या त्रैराशिकात प्रथम बाद होतो.

डिझेल, टायर आणि पाटे यांच्या खर्चाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणारी मोटार इंधन अधिक पिते, क्लच झिजतो, भरलेल्या गाडीचे पाटे खड्ड्यात तुटतात; हे कोणासही समजण्यासारखे आहे. त्यातील एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. पाटा तुटतो तो रात्री दोन वाजता, आणि दुरुस्तीचे दुकान उघडते सकाळी आठला.

मालाची बाजू याहून अधिक नाजूक आहे. उतरलेला आंबा निर्जीव नसतो. तो श्वास घेतो, उष्णता बाहेर टाकतो, आणि पिकताना त्यातून एथिलीन नावाचा वायू निघतो, जो शेजारच्या फळासही पिकावयास लावतो. उष्णतामान दहा अंशांनी वाढले की ही श्वसनक्रिया साधारणतः दुप्पट वेगाने चालते. चालत्या मोटारीत ताडपत्रीच्या फटींतून वारा खेळतो; थांबलेल्या मोटारीत तो खेळत नाही. म्हणून पाच तास अधिक चालणे आणि पाच तास रांगेत उभे राहणे यांत आंब्याच्या दृष्टीने मोठा भेद आहे. त्यातून सकाळचे ऊन लागले, तर मधल्या थरांतील पेट्या अक्षरशः आढीसारख्या तापतात. शिवाय धक्क्यांचा परिणाम तत्काळ दिसत नाही. कच्चे फळ दबले तरी वरून हिरवे आणि घट्टच दिसते. आठ दिवसांनी घरी पिकल्यावर त्या जागी काळसर डाग उमटतो, आणि गृहिणी दुकानदारास, दुकानदार अडत्यास, अडत्या बागाईतदारास बोल लावतो. डाग ज्या वळणरस्त्याने पाडला, त्याचे नाव या साखळीत कोठेच येत नाही.

मासळीचा हिशेब तर बर्फाच्या वजनात करता येतो. एक किलोग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. याच गुणावर मासळीचा सारा व्यापार उभा आहे. उष्ण प्रदेशात मासळीइतकाच बर्फ घालण्याची शिफारस केली जाते. बर्फ आहे तोवर मासळी शून्य अंशाजवळ राहते. बर्फ संपला आणि उष्णतामान दहा अंशांवर गेले की ती सुमारे चौपट वेगाने खराब होऊ लागते. नऊ तासांच्या बेताने भरलेला बर्फ चौदाव्या तासाला पाणी होऊन गाडीतून ठिबकत असतो. अधिक बर्फ भरावा तर तितकीच मासळी कमी मावते, आणि बर्फास कोणी भाडे देत नाही. तळोज्यासारख्या ठिकाणच्या निर्यातीच्या कारखान्यांत सुरमई, कोळंबी यांची प्रत पाहून भाव ठरतो. एका प्रतीने माल खाली उतरला, तर समुद्रात चार-सहा दिवस काढलेल्या खलाशांच्या वाट्यातून तो फरक वजा होतो.

या साऱ्यात एक विलक्षण विपरीत योग आहे, त्याकडे लक्ष वेधल्यावाचून पुढे जाता येत नाही. कोकणात रस्त्याचे काम करण्याचा हंगाम म्हणजे ऑक्टोबर ते मे. मासेमारीचा मुख्य हंगाम तोच, आणि आंब्याचा मार्च ते मे हा हंगामही त्यातच बसतो. जून-जुलैत मासेमारीस बंदी, आंबा संपलेला, तेव्हा यंत्रेही पावसामुळे झाकून ठेवलेली. म्हणजे मालास रस्ता हवा असतो नेमका तेव्हाच तो खणलेला असतो. उदाहरणादाखल २०२२ ची गोष्ट घ्यावी. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात उभा डोंगर कापावयाचा होता, दरडींचे भय होते, आणि पावसाळ्यापूर्वी काम उरकणे भागच होते. म्हणून एप्रिलअखेरपासून महिनाभर हा घाट रोज दुपारी बारापासून पाचपर्यंत बंद ठेवण्यात आला. काम आवश्यक होते, वेळ आधी जाहीर केली होती, आणि जीव वाचविणे हे पेट्या वाचविण्याहून केव्हाही मोठे. दोष कोणास द्यावा असे नाही. पण तो काळ आंब्याच्या ऐन भराचा होता. देवगड-राजापूरकडून दुपारच्या आत निघालेल्या गाड्या घाटाच्या पायथ्याशी उन्हात उभ्या राहिल्या, आणि पाचला घाट खुला झाला की साऱ्या एकदम वर चढू लागल्या. पुढे सावकाश चढणारी एक गाडी असली म्हणजे मागच्या शंभर गाड्यांचा वेग तोच.

पाऊस ओसरत असताना दुसरी अडचण उभी राहते. गणेशोत्सवास चाकरमानी गावाकडे निघतात, तेव्हा या मार्गावर ठराविक वजनापलीकडील जड वाहनांस काही दिवस बंदी करण्यात येते. दूध, भाजीपाला, औषधे, इंधन अशा मालास त्यातून सूट असते. चौपदरी रस्ता पुरा झाला असता तर या बंदीचे दिवस कमी करता आले असते. अपुऱ्या रस्त्यावर माणसे आणि माल या दोघांस एकदम जागा नाही, म्हणून मालाने थांबावयाचे. यात अन्याय नाही; गणपतीस घरी जाणाऱ्या माणसास रस्त्यात अडकवून सिमेंटची गाडी पुढे काढावी असे कोण म्हणेल? मात्र त्या दिवसांत गाडीचा हप्ता थांबत नाही, एवढेच.

‘मग दुसऱ्या वाटेने जावे’, असे शहरात बसून सहज सुचते. दुसऱ्या वाटा आहेत, पण त्या घाटांतून जातात. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, तेथून सातारा-पुण्यावरून मुंबई. देवगडाहून करूळ घाटाने गगनबावडा. अंतर शंभराहून अधिक किलोमीटरांनी वाढते आणि टोल निराळा. त्यातही गंमत अशी की वळसा ज्या रस्त्याने घ्यावयाचा, तोही कित्येकदा रुंद होत असतो. करूळ घाट जानेवारी २०२४ मध्ये अशाच कामासाठी बंद करण्यात आला आणि वाहने फोंड्यासारख्या अन्य घाटांकडे वळवावी लागली. पुणे-सातारा रस्त्याचे सहापदरीकरण २०१० साली सुरू झाले होते. तेही ठरलेल्या मुदतीत उरकले नाही. एक रस्ता बंद म्हणून दुसऱ्यावर भार पडतो, तो लवकर खचतो, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पुन्हा पाट्या लागतात.

कोकण रेल्वेने १९९९ साली एक नामी उपाय योजला होता, तो अजून चालू आहे. रायगडातील कोलाड येथे भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवावयाचे आणि गोव्यात वेर्णे येथे किंवा त्याही पुढे कर्नाटकात सुरतकल येथे उतरवावयाचे. चालक आणि क्लीनर गाडीबरोबरच जातात. डिझेल, टायर आणि झोप या तिन्हींची बचत होते. लांब पल्ल्याच्या मालास ही सोय उत्तम आहे. पण नकाशा उघडून पाहिला म्हणजे तिची मर्यादा ध्यानात येते. कोलाड हे पनवेल-इंदापूर टप्प्याच्या जवळजवळ दक्षिण टोकाशी आहे. जो तुकडा सर्वांत आधी खणला गेला आणि सर्वांत अधिक रेंगाळला, तो मुंबईच्या गाडीस रस्त्यानेच ओलांडावा लागतो, आणि मग रेल्वे भेटते. शिवाय आगगाडी ठरल्या वेळी सुटते. मासळीचा लिलाव भरती-ओहोटी पाहून होतो. रत्नागिरीच्या आंब्यास अर्ध्या वाटेसाठी ट्रक वाघिणीवर चढविणे आणि उतरविणे परवडत नाही.

आता चाकावर बसलेल्या माणसाविषयी थोडेसे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली जो कायदा झाला, त्याने दिवसाकाठी आठ तासांची मर्यादा आणि पाच तासांच्या सलग कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. तो कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चालणारी गाडी होती. रांगेत उभ्या असलेल्या गाडीत बसलेला चालक काम करतो की विश्रांती घेतो? इंजिन बंद करून डोळा लावावा, तर दर पाच मिनिटांनी पुढची गाडी चार हात सरकते आणि मागची भोंगा वाजविते. ही झोपही नव्हे आणि जागेपणाही नव्हे. अशा रात्रीनंतर पहाटे मोकळा रस्ता लागला की बुडालेला वेळ भरून काढण्याचा मोह होतो, आणि तीच घटका अत्यंत धोक्याची असते.

वळणरस्त्यावरील रात्र तर वेगळीच. दिवसा जो भराव स्पष्ट दिसतो, तो रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात नाहीसा होतो. धूळ, अर्धवट मोरी, कालपर्यंत डावीकडे असलेली वाट आज उजवीकडे. यासंबंधी नियम नाहीत असे मुळीच नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने काम चालू असलेल्या रस्त्यावर पाट्या कोठे, किती अंतरावर, कोणत्या चकाकत्या रंगाच्या लावाव्यात, याचे तपशीलवार मार्गदर्शन छापलेले आहे आणि २०१४ साली ते नव्याने सुधारले आहे. या संस्थेचा उगमही आपल्यास जवळचा आहे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरील जादा कराचा रस्तेनिधी उभा राहिला आणि पुढे १९३४ साली ही काँग्रेस स्थापन झाली. नियम असे जुने आणि चांगले आहेत. कोऱ्या पिंपाला चुना फासून मध्ये एक फांदी खोचली की इशारा झाला, अशी ठेकेदाराच्या माणसांची जी समजूत आढळते, तिच्याशी त्यांची गाठ पडत नाही.

पैशाचा प्रश्न सर्वांत शेवटी घेतला, कारण तो वाटतो तितका सरळ नाही. आंब्याचे भाडे बहुधा पेटीमागे ठरते, तासामागे नव्हे. आणि ते हंगामाच्या आरंभी ठरते. म्हणून हंगामात रस्ता बिघडला तर पहिला फटका वाहतूकदारास बसतो. पुढच्या वर्षी तो दर वाढवितो, तेव्हा तो बागाईतदाराच्या हिशेबपट्टीत वजावट म्हणून उतरतो. अडत्याने विक्रीतून भाडे आणि हमाली कापून उरलेली रक्कम धाडावयाची, अशी रीतच आहे. उशिरा आलेल्या मालास पडलेला भाव मिळतो, तोही त्याच पट्टीत. शहरातील ग्राहकास मात्र उशिराच्या दिवशी स्वस्ताई लाभते असेही नाही, कारण सकाळी माल कमी आलेला असतो. एकाच उशिराने पहाटे टंचाई आणि दुपारी मंदी, अशी दोन्ही टोके एका दिवसात पाहावयास मिळतात.

या नुकसानीची भरपाई कोण देतो? रस्त्यासाठी ज्याची जमीन गेली, त्यास मोबदला मिळतो. ठेकेदाराने मुदत ओलांडली, तर करारातील कलमाप्रमाणे दंड होतो, पण तो सरकारजमा होतो. ज्याची रात्र रांगेत गेली, तो या कराराचा पक्षकारच नाही. अन्य देशांत या गोष्टीस किंमत लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. लंडन शहरात २०१२ पासून अशी पद्धत आहे की गर्दीच्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी खोदकाम करून जागा अडविणाऱ्यास दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत भाडे भरावे लागते. रात्री किंवा कमी वर्दळीच्या वेळी काम केल्यास ते वाचते. अमेरिकेत काही राज्ये निविदा उघडताना केवळ कामाची किंमत न पाहता, ठेकेदार जितके दिवस मागतो त्या दिवसांचीही किंमत लावून दोहोंची बेरीज करतात. जो लवकर उरकील त्यास काम मिळण्याचा संभव वाढतो. लंडनची रीत शहरातील नळ आणि तारा यांच्या खोदकामासाठी आहे, ती घाट कापणाऱ्या महामार्गास जशीच्या तशी लागू पडणार नाही. आणि रात्रीच काम करा म्हटले, तर कोकणात ते नेमके मालमोटारींच्याच वेळेवर येईल. घ्यावयाचा तो त्यातील विचार: अडविलेला रस्ता हा फुकट नसतो, त्याचे भाडे कोणी ना कोणी देतच असतो.

परतीच्या मालाची हकीकत थोडी निराळी आहे. मुंबईहून कोकणात जाणारी औषधे, किराणा, कापड, वह्या-पुस्तके, यंत्रांचे सुटे भाग हा माल नासत नाही, त्यामुळे त्याच्या उशिराचा बोभाटा होत नाही. पण गाडी रोज येईल असा भरवसा असला की कणकवलीचा दुकानदार चार दिवसांचा साठा ठेवून धंदा करतो; भरवसा गेला की त्यास दहा-बारा दिवसांचा साठा करावा लागतो. त्यात त्याचे भांडवल अडकते, आणि लहान दुकानदार मग महागडा माल ठेवणेच सोडून देतो. गावातील औषधाच्या दुकानात एखादे औषध ‘उद्या येईल’ असे सांगितले जाते, त्या उद्याचा संबंध वडखळच्या किंवा लांज्याच्या वळणरस्त्याशी असू शकतो.

रस्त्याकाठच्या खाणावळींचे नशीब तर दोन्ही बाजूंनी कापले गेले. रांग जेथे लागते तेथील चहावाल्यास काही दिवस बरकत येते, हे खरे. पण रुंदीकरणात पहिली जागा जाते ती त्याच्याच अंगणाची, आणि पूल उंचावरून गेला की गाड्या त्याच्या डोक्यावरून निघून जातात. चालकांच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. ओळखीची खाणावळ म्हणजे उधारीवर जेवण, पाण्याची सोय, गाडी राखणारे डोळे आणि पुढच्या रस्त्याची ताजी बातमी. भ्रमणध्वनीवर नकाशा दिसतो, रांग लाल रंगात दिसते. पण आज घाटात काय हाल आहेत, हे समोरून नुकताच आलेला दुसरा चालक अधिक नेमके सांगतो.

काम जेथे पुरे झाले, तेथे काय फरक पडतो हेही पाहावयास मिळाले आहे. पोलादपूर आणि खेड यांच्यामधील कशेडी घाटाखालून सुमारे दोन किलोमीटरांचा बोगदा खणण्यात आला. त्याची एक बाजू सप्टेंबर २०२३ मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, प्रथम हलक्या वाहनांसाठी खुली झाली. ज्या घाटात चढ-उतार आणि नागमोडी वळणे यांत अर्धा-पाऊण तास जात असे, तेथे आता काही मिनिटे पुरतात. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात चिपळूणमध्ये बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला आणि तेथील काम पुन्हा मागे पडले. एका टोकास वाचलेला अर्धा तास दुसऱ्या टोकास खर्ची पडावा, असा हा प्रकार आहे. आणि सरासरी काढावयाची म्हटली तरी ती कोणत्या महिन्याची काढावी, हा प्रश्न उरतोच.

फेब्रुवारी संपता संपता आंब्याची पहिली आवक सुरू होते. त्या सुमारास वाहतूकदारास बागाईतदारांशी पेटीचा दर बोलावा लागतो. दर चढा लावला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार, उतरता लावला तर मेअखेर हप्ता थकणार. म्हणून तो आधी एक खेप रिकामी किंवा अर्धी भरून करून येतो. किती वळणरस्ते उरले, कोठे नवी खडी पडली, कोणत्या पुलाखाली अजून यंत्रे उभी आहेत, हे मोजून येतो, आणि मग दर सांगतो.